अमावस्येची पाहणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बोललो असतो, तर ऐकणाऱ्यानं हमखास म्हटलं असतं, 'अहो, पण तुम्ही खोटं तर काहीच लिहिलं नाहीत!' — आणि ते ऐकून मला बरं वाटलं असतं. मला बरं वाटायला नको होतं, म्हणून गप्प राहिलो. की गप्प राहण्याचं कारण इतकं थोर नव्हतंच? तेही असेल. सांगतो, तुम्हीच बघा.

मी मूळचा मांडवगण फराट्याचा, राहतो शिक्रापूरला, हायवेपासून दोन गल्ल्या आत, जिथं ट्रकचे हॉर्न थांबले तर माणसं दचकून उठतील. बरीच वर्षं एका कारखान्यात माल तपासायचं काम केलं. पट्ट्यावरून येणारा सुटा भाग उचलायचा, मापायचा, चालेल की नाही ठरवायचं आणि शिक्का मारायचा. त्या कामात एक सुख होतं — लोखंडाला तुमच्याबद्दल काही वाटत नसतं. तुम्ही बाद केलंत म्हणून ते घरी जाऊन जेवायचं सोडत नाही. पुढं तिथली माणसं कमी केली, त्यात मीही निघालो, आणि ओळखीतून पुण्यातल्या एका संस्थेत लागलो.

ही संस्था नव्या, लहान कंपन्यांना पैसे पुरवायची. स्टार्टअप म्हणतात त्या. आणि त्यातही फक्त स्वच्छ ऊर्जेवाल्या — कुणी सौर पंप करतंय, कुणी शेणापासून गॅस, कुणी बॅटऱ्या. पुण्यातल्या ऑफिसात काचेच्या खोलीत ही पोरं येऊन पडद्यावर रंगीत आलेख दाखवायची. पण पडद्यावर जे चालतं ते शेतात चालतं का, हे बघायला कुणीतरी लागतंच. शिरूर आणि दौंड तालुक्यांपुरता तो कुणीतरी म्हणजे मी. न कळवता जायचं, यंत्र चालू आहे का बघायचं, चार फोटो काढायचे आणि एक पानाचा रिपोर्ट लिहायचा. गावातल्या माणसाच्या ओसरीवर मांडी घालून चहा पिता येतो, ही माझी खरी पदवी.

आता तो काळ कसा होता, तेही सांगायला हवं. सबब म्हणून नाही — नुसतं माहीत असावं म्हणून. बाहेरून येणारा पैसा आटत चालला होता. कधी लढाईचं कारण, कधी परदेशातल्या व्याजदराचं, कधी 'बाजाराचा अंदाज येत नाही' एवढंच. ज्यांनी संस्थेत पैसे ठेवायचे कबूल केलं होतं तेच म्हणायला लागले, जरा थांबू, पुढच्या वर्षी बघू. हवा बिघडत चाललीय, काहीतरी केलं पाहिजे, हे प्रत्येक मीटिंगमध्ये सगळ्यांना मान्य असायचं. पण पुढं सगळे एकच शब्द जोडायचे, 'जपून'.

त्यात माझी एक चूक होऊन बसली होती. शिरूरजवळच्या दोघा भावांनी भाज्या सुकवायची सौर पेटी केली होती. मला ती आवडली, मी रिपोर्टात भरभरून लिहिलं, संस्थेनं पैसे दिले आणि आठ महिन्यांत कंपनी बसली. मॅडमनी — म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी — मला सगळ्यांसमोर विचारलं, "आपल्या भागातली माणसं म्हणून तुम्ही हळवे होता का हो?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली: ह्या धंद्यात 'नको' लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. जी कंपनी उभीच राहिली नाही ती बुडली कशी म्हणायची? जाब विचारतात तो 'हो' लिहिणाऱ्याला.

आणि मग वैशालीची फाईल माझ्याकडं आली.

वैशाली दौंडची. वडील रेल्वेत होते, घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. मेकॅनिकल इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी धरली, ती सोडली आणि यवतजवळ एका गुऱ्हाळावर येऊन चुलाण बांधायला बसली. गुऱ्हाळाचं चुलाण म्हणजे काय, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उसाचा रस ज्या मोठ्या काहिलीत आटवून गूळ करतात, तिच्याखालची जमिनीतली भट्टी. त्यात खरं तर रस काढून उरलेलं चिपाडच जाळायचं असतं. पण चिपाड ओलं असलं की पेट घेत नाही, वाळवायला जागा आणि दिवस लागतात, आणि रस तर थांबत नाही. म्हणून काही ठिकाणी टायरचे तुकडे, चपलांचे तळ, प्लॅस्टिकचा कचरा, जे स्वस्त मिळेल ते आत ढकलतात. त्या बाजूनं गेला असाल तर तो वास तुम्हाला माहीत असेल. गाडीच्या काचा वर केल्या तरी घशात बसतो.

वैशालीनं केलं ते असं की चुलाणातून बाहेर पडणारी गरम हवा आडव्या बोगद्यातून फिरवली आणि ओलं चिपाड त्यावरच वाळवलं. खाली जाळी, एक पंखा, वर उंच धुराडं. बस. टायर नको, कचरा नको, उलट थोडं चिपाड शिल्लक राहायचं. संस्थेनं पहिल्या टप्प्याचे पैसे दिले होते, त्यातून हे एक चुलाण उभं राहिलं. दुसऱ्या टप्प्यातून आणखी पाच गुऱ्हाळांवर बांधायची होती. ते पाचही मालक येऊन बघून गेले होते. तिचं सगळं त्या दुसऱ्या टप्प्यावर अडलेलं होतं.

ज्यांच्या गुऱ्हाळावर हे चाललं ते आप्पा. सत्तरीकडे झुकलेले, बोलायला मोकळे. मी कुठला हे कळल्यावर म्हणाले, "मांडवगणचं व्हय? मग तुम्ही आमचं पावनंच की. नदीच्या अलीकडं-पलीकडं काय परकं आस्तंय का?" तेव्हापासून मी त्यांचा पाव्हणा. त्यांनी त्या मुलीला जागा दिली होती, आणि जागेपेक्षाही मोठी गोष्ट, आपलं पिढीजात चुलाण उकरू दिलं होतं. आजूबाजूचे हसत होते. "टायर जाळून केल्याला गूळ माझी नातवंडं खायाची," ते मला म्हणाले, "आन् मला त्यांच्या त्वांडाकडं बघवायचं न्हाई. ह्या पोरीनं ते बंद केलं. हसूं द्या हसायचं त्यांना."

त्यांच्या गुऱ्हाळावर एकच पाळणूक होती. अमावस्येला चुलाण पेटत नसे. आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. कित्येक कामं त्या दिवशी थांबतात. काहील घासून उपडी घालायची, उसाच्या चरकाला हळद-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि उत्तरेकडून आलेले कामगार त्या दिवशी यवतच्या बाजारात फिरायला मोकळे. वैशालीला मी एकदा गमतीनं विचारलं होतं, तुमचा अमावस्येवर विश्वास आहे का? ती हसली. "आमच्याकडं पौर्णिमा असते दादा, अमावस्या नाही. पण चुलाण आप्पांचं, दिवसही त्यांचाच."

तर — मी पाहणीला गेलो त्या दिवशी अमावस्या होती.

रिपोर्टात मी तीन वाक्यं लिहिली. पाहणीच्या दिवशी यंत्रणा बंद आढळली. जागेवर एकही कामगार नव्हता. चुलाण पूर्ण थंड होतं. सोबत फोटो — उपडी काहील, रिकामं आवार, जाळीवर बसलेलं कुत्रं. एकेक वाक्य तपासून घ्या. तिन्ही खरी आहेत. चुलाण थंड होतं हे मी हात लावून पाहिलं होतं, कारखान्यातली सवय.

मॅडमचा फोन आला. त्यांनी विचारलं, "बंद म्हणजे? एरवी चालू असतं का?" इथं थांबा जरा. त्यांनी विचारलं होतं, हे लक्षात घ्या. पुण्यात वाढलेल्या त्या बाईला गुऱ्हाळाची अमावस्या कुठून माहीत असणार? पण प्रश्न त्यांनी बरोबर तोच विचारला होता. माझ्याकडं सांगण्यासारखा एक शब्द होता. अमावस्या. चार अक्षरं. मी म्हणालो, "मी गेलो तेव्हा बंद होतं, मॅडम." त्या म्हणाल्या, "ठीक आहे."

आठवड्याभरात वैशालीला मेल गेला. सध्याची आर्थिक परिस्थिती पाहता, आणि जागेवर यंत्रणा नियमित चालू नसल्याचं आढळल्यामुळं, वगैरे.

बराच काळ मी स्वतःला हे असंच सांगत आलो — योगायोग. न कळवता जायचा नियम, नेमका दिवस वाईट निघाला, आणि मी दिसलं ते लिहिलं. फार तर एक शब्द बोलायचा राहिला. एवढंच असतं तर हे लिहायला मी बसलो नसतो. एवढं तर कुणाच्याही हातून होतं, नाही का?

पण मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. अमावस्या कधी आहे हे मला कॅलेंडर न बघताही कळतं. आणि त्या वेळी तर मी कॅलेंडर बघितलं होतं.

चार दिवस आधी मी तिथं जाऊन आलो होतो. खरी पाहणी तीच. सकाळची वेळ, काहिलीत रस उकळतोय, वैशाली कपाळाला रुमाल बांधून पंख्याचा पट्टा ताणतेय, वर धुराड्यातून पांढरा, जवळजवळ नसल्यासारखा धूर. आवारात उभं राहून मी पोटभर श्वास घेतला — गुऱ्हाळावर! कोपऱ्यात टायरचा तुकडा सापडतो का म्हणून मागंपुढं हिंडलो, शेडचं कुलूप उघडायला लावलं. काही नाही. मी खूश झालो होतो. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला होता, आमच्या भागात हे होतंय म्हणून. भरपूर फोटो काढले आणि निघालो. रिपोर्टाची पहिली ओळ गाडीवरच मनात तयार होती.

चौफुल्याजवळ फोन वाजला. मॅडम. त्या दमलेल्या वाटल्या. म्हणाल्या, पैसे एकाच कंपनीपुरते उरलेत आणि फाईली दोन आहेत. दुसरी फाईल बड्या लोकांनी सुचवलेली आहे. "तुमच्या त्या गुऱ्हाळात कच्चं काही दिसलं तर स्पष्ट लिहा. आणि सगळं चांगलं असेल तर तसं लिहा, मग मी भांडेन. पण मग शेवटपर्यंत तुम्हाला उभं राहावं लागेल माझ्याबरोबर. मागच्या वेळसारखं व्हायला नको." हे मी मुद्दाम सगळं लिहितोय, कारण त्यांनी मला खोटं लिही असं सांगितलं नव्हतं. त्यांनी मला दोन्ही दारं उघडी ठेवली होती. त्यातल्या एका दारात त्या स्वतः उभ्या राहायला तयार होत्या.

मी मोटारसायकल कडेला लावली. उभं राहावं लागेल. परत ती काचेची खोली, परत तो थंड आवाज. ही कंपनीही बसली तर? चांगली आहे हे कळत होतं, पण चांगली असून बुडत नाहीत का? मग मी कुठं जाणार, ह्या वयात, परत पट्ट्यावर? आणि ती मुलगी तरुण आहे, शिकलेली आहे, तिला कुठंही नोकरी मिळेल — हेही मी तिथंच, चौफुल्याच्या त्या कडेला उभं राहून ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल लावायला फार वेळ लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. चौथ्या दिवशी काळा गोल. पहिल्या भेटीची नोंद केलीच नाही. फोटो फोनमधून पुसले — एकेक करून. सगळे एकदम पुसता येतात हे मला माहीत होतं, तरी एकेक पुसले, आणि का ते अजून मला नीट सांगता येत नाही.

म्हणजे खोटं काहीच लिहिलं नाही. खऱ्याचा दिवस तेवढा निवडला.

आणखी एक प्रश्न आहे. तो टाळून पुढं गेलो तर ह्या लिहिण्याला अर्थ नाही. तिच्या जागी आमच्या भावकीतली मुलगी असती तर? उद्या लग्नाकार्यात जिचा बाप समोर येऊन बसणार अशी? तर कॅलेंडरपुढं माझा हात अडखळला असता. भीती तेवढीच वाटली असती, पण अडखळला असता. वैशालीच्या गल्लीत माझं जाणं-येणं नव्हतं, तिथलं कुणी मला जाब विचारायला येणार नव्हतं, हे मी हिशेबात धरलं होतं. मोठ्यानं नाही, पण धरलं होतं. मी स्वतःला तसला माणूस समजत नव्हतो. आपल्यातलं कोण समजतं?

मेल मिळाल्यावर वैशालीचा फोन आला. रागावली असती तर मी तयार होतो. ती म्हणाली, "दादा, चार दिवस आधी तुम्ही चालू बघितलंत, पण कागदावर पाहणीचाच दिवस येणार, आणि त्या दिवशी नेमकी अमावस्या! माझंच चुकलं. मी संस्थेला आधीच लिहून द्यायला हवं होतं की महिन्यातून एक दिवस बंद असतं. तुमचा काय दोष, तुम्ही दिसलं ते लिहिलं." माझी बाजू तिनंच मांडली, माझ्यापेक्षा चांगली. परत पाहणी होईल का, तिनं विचारलं. मी म्हणालो, बघतो. हा 'बघतो' आपल्याकडं काय असतो ते तुम्हाला सांगायला नको.

मग पुढची अमावस्या आली.

दुपारी मी शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, आणि फोनवर तिचा व्हिडिओ आला. मोटारसायकल दोन ट्रकांच्या मधे, तसाच उभ्या-उभ्या बघितला. चुलाण पेटलेलं. काहिलीत रस उकळतोय. कामगार कुणी नाही, ते रिवाजाप्रमाणं बाजारात. उकळत्या रसावरची मळी काढायला खुद्द आप्पा, अंगात नुसती बंडी. खाली जाळाच्या तोंडाशी त्यांची बायको — आक्का म्हणतात त्यांना सगळे — पदर खोचून चिपाड आत सारतेय. कॅमेरा वैशालीच्या हातात असावा, कारण ती दिसत नव्हती. आप्पांनी झारा थांबवला आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "पावनं, बघा. आज आवस हाय. माझ्या बापानं, आज्यानं आवशीला चुलाण पेटवलं न्हाई, म्या बी कवा पेटवलं न्हाई. आज पेटवलंय. तुमच्या बाईसायबास्नी म्हनावं, चालू हाय. रोज चालतंय. बघा म्हनावं."

खाली वैशालीनं लिहिलं होतं: 'आप्पांना मी नको म्हणत होते. ते ऐकेनात. एवढा एक व्हिडिओ मॅडमना दाखवाल का? बाकी काही नको.'

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी उत्तर लिहिलं: 'दाखवतो.'

दाखवायचा म्हणजे काय करावं लागलं असतं? मॅडमनी विचारलं असतं, अमावस्येचं काय? तुम्हाला माहीत नव्हतं? आणि तिथून पुढं सगळंच उसवत गेलं असतं. पैसे त्या वेळी अजून कुणाला दिलेले नव्हते. दुसरी फाईल सहीला पडून होती. वेळ होती, हे मला माहीत होतं. दोन दिवस व्हिडिओ तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी वैशालीला लिहिलं: 'दाखवला. मॅडम नाही म्हणाल्या. सॉरी.'

हे वाक्य मात्र खोटं होतं. साधं, सरळ, शुद्ध खोटं. त्याच्या आडोशाला कुठलाच खरेपणा नव्हता. व्हिडिओ मी कुणालाही दाखवला नाही.

तिचं उत्तर लगेच आलं: 'थँक्यू दादा. तुम्ही प्रयत्न केलात.'

कंपनी पुढं चार-पाच महिने रडतखडत चालली आणि बंद पडली. पाचही मालकांनी हात आखडते घेतले. संस्थेनंच पैसे नाकारले म्हटल्यावर ते तरी काय करणार? वैशाली गुजरातेत कुठल्याशा बॉयलरच्या कारखान्यात लागली असं ऐकलं. दुसऱ्या फाईलचं काय झालं, ते सांगत नाही. ती चालली की बुडाली यावर माझं केलेलं कमी-जास्त होत नाही. मी अजून त्याच संस्थेत आहे. माझ्या रिपोर्टांना आता फार मान आहे. 'तुमचा माणूस वास्तव लिहितो,' असं कुणीतरी मॅडमना म्हणाल्याचं त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं.

गेल्या उन्हाळ्यात मी कामासाठी यवतला गेलो होतो. स्टँडसमोर चहा घेत होतो, तोच मागून हाक आली, "ओ पावनं!" पळून जायला जागा नव्हती. आप्पा थकलेले दिसले. घर इथंच, असं तोंड चुकवून जायचं नाही, म्हणत त्यांनी मला हाताला धरूनच नेलं. वाटेत कळलं, गुऱ्हाळ त्यांनी दुसऱ्याला चालवायला दिलंय. पंख्याचा एक भाग गेला, तो करून द्यायला वैशाली नव्हती, आणि नव्या माणसानं जाळी उपसून टाकली. घराच्या ओसरीवरून तो धूर दिसत होता. काळा. घशात तोच वास. आप्पांनी तिकडं पाठ करून बसायला स्वतःसाठी बाजेची जागा बदलली होती.

आक्का पाणी घेऊन आल्या. त्यांच्या उजव्या हाताकडं माझी नजर गेली, आणि आप्पांनी ती बघितली. "त्या आवशीला भाजला," ते म्हणाले. चिपाड सारायची सवय नाही, तापलेल्या दाराला हात चिकटला. सालटं निघालं, बरं झालं, पण बोटं मिटत नाहीत आता. भावकीतले म्हणाले, आवशीला पेटवल्याची शिक्षा. "म्हनंनात का," आक्का म्हणाल्या, "पोरीचं काम व्हतं. आमी न्हाई करायचं तर कुनी?"

मी पाणी प्यायलो.

"पोरगी सांगत व्हती," आप्पा म्हणाले, "दादांनी लई खटपट केली म्हून. साऱ्या जगात येक तुम्हीच तिच्या बाजूनं उभं ऱ्हायला." मग आत बघून म्हणाले, "अगं, त्यांचा आन की." माझ्याकडं वळून त्यांनी सांगितलं, त्या दिवशीचा गूळ बाजारात नेला नव्हता. विकायचा नाही असं दोघांनी ठरवलं होतं. ज्यांनी ज्यांनी त्या मुलीसाठी काही केलं, त्यांना वाटून दिला. "तुमचा तेवढा वाटा ऱ्हायला व्हता. आज गाठ पडली, बरं झालं."

आक्का आतून फडक्यात बांधलेली लहानशी ढेप घेऊन आल्या आणि माझ्यासमोर येऊन अवघडल्या. "पावनं, डाव्या हातानं देती. राग मानू नका, उजव्यात धरवत न्हाई."

मी दोन्ही हात पुढं केले आणि घेतली.